मोटर निर्दोष होती

जुनी जर्मन गाडी इतकी स्वस्त का मिळते, हे ती दारात उभी राहिल्यावर कळतं. मी घेतली तेव्हा ती तेरा वर्षांची होती. नव्या छोट्या गाडीच्या किमतीत चामड्याच्या सीटा, मागच्यांना वाचायला दिवे आणि स्टिअरिंग कॉलमला मोटर. बटण दाबलं की स्टिअरिंग वर-खाली होतं, दुसरं दाबलं की पुढे-मागे. मी उंच, बायको ठेंगणी. दोघांच्या बैठका गाडीच्या स्मरणात ठेवलेल्या. किल्ली काढली की स्टिअरिंग आपणहून वर जातं, म्हणजे उतरायला जागा होते, आणि किल्ली लावली की परत ठरलेल्या जागी येतं. पाहुण्यांना दाखवायला ही फार चांगली गोष्ट आहे. २०२४ च्या जुलैत एका सकाळी ते वर गेलेलं खाली आलंच नाही.

गाडी चालत होती. फक्त हात छातीच्या वर धरून चालवायची. गावातल्या गावात ठीक, पण मला ठाण्याला जायचं होतं, आणि तेव्हा इगतपुरीहून खाली उतरायचं म्हणजे कसारा घाटच. समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा, तो जवळजवळ आठ किलोमीटरच्या बोगद्यासकट, ५ जून २०२५ ला खुला झाला. मी गेलो त्या दिवशी मात्र घाटात धुकं, पुढे कंटेनर आणि वळणावळणाला खांदे भरून आलेले. परतल्यावर ठरवलं की हे आपणच दुरुस्त करायचं. मी बँकेत नोकरी केलेला माणूस. यंत्रांशी संबंध छंदापुरता, पण हत्यारांची पेटी भरलेली. ती भरलेली पेटीच पुढच्या सगळ्या उद्योगांच्या मुळाशी आहे, असं बायकोचं मत आहे.

फ्यूज आधी पाहिला, तो शाबूत होता. इथवर माझं काहीच चुकलं नाही. मग गुडघ्यासमोरचं प्लास्टिकचं पॅनेल काढलं, आडवं पडून मोटरचा कपलर सोडवला, बायकोला बटण दाबून धरायला सांगितलं आणि कपलरच्या पिनांना मल्टिमीटर लावला. आकडा आला १२.३. वीज मोटरपर्यंत येते आहे आणि मोटर फिरत नाही, म्हणजे मोटर गेली. हा निष्कर्ष मी वहीत लिहूनसुद्धा ठेवला.

मोटर काढणं अवघड नव्हतं. तीन चांदणी बोल्ट, एक धरायला बोट पुरत नाही अशा ठिकाणी. ओट्यावर जुनं वर्तमानपत्र पसरून उघडली. आत नेहमीचीच मांडणी: आर्मेचर, त्याच्या टोकाला तांब्याच्या पट्ट्यांचा कम्युटेटर, त्यावर दोन बाजूंनी स्प्रिंगने टेकलेले कार्बन. शाफ्टवर वर्म, म्हणजे स्क्रूसारखे आटे, आणि ते प्लास्टिकच्या चाकाला फिरवतात. मोटरचे खूप फेरे आणि स्टिअरिंगची जराशी हालचाल, असा हा हिशेब. त्यामुळे जोर मिळतो, आणि हाताने दाबून स्टिअरिंग खाली येत नाही तेही त्यामुळेच. चाकामुळे वर्म उलटा फिरत नाही. कम्युटेटर काळपट दिसला. मला आनंद झाला, कारण काळपट दिसणं हा पुरावा वाटला. काळा पॉलिश पेपर घेऊन तो सोन्यासारखा चमकवला. परत बसवताना एका कार्बनची स्प्रिंग उडाली आणि संध्याकाळी माझ्याच चपलेत सापडली.

चमकवलेली मोटर गाडीला लावली. ढिम्म. आता शंकाच उरली नव्हती. मी कुर्ल्याला गेलो. सीएसटी रोडवर जुन्या गाड्यांचे सुटे भाग मिळतात. नंबर दाखवला की दुकानदार मागच्या अंधारातून नेमकी वस्तू घेऊन येतो. त्याने मोटर दिली, साडेचार हजार घेतले, आणि मी ती तिथे बॅटरीला लावून फिरवून पाहिली. फिरली. ती बसवली. तीही ढिम्म.

इथे कुठलाही शहाणा माणूस थांबला असता, कारण दोन मोटरी एकाच वेळी एकाच तऱ्हेने मरत नाहीत. मी मात्र वाकून काम केल्यामुळे आपल्याला नीट दिसत नाही असं ठरवलं आणि स्टिअरिंगच काढायला घेतलं. त्याची काडीची गरज नव्हती. मोटर खालूनच निघते, बसते.

एअरबॅगबद्दल मी वाचलं होतं. बॅटरीची निगेटिव्ह तार काढायची आणि लगेच हात घालायचा नाही, कारण एअरबॅगच्या यंत्रणेत कपॅसिटर असतो आणि तो अपघातात बॅटरी तुटली तरी उपयोगी पडावा म्हणून वीज साठवून ठेवतो. काही मिनिटं जाऊ द्यावी लागतात. तेवढं मी केलं. एअरबॅग काढून जेवणाच्या टेबलावर ठेवली, कापडी तोंड वर करून, कारण चुकून उडालीच तर ती वर उडावी, टेबलावर आपटून घरभर फिरू नये. बायकोने विचारलं, हे काय आहे. खरं सांगितलं. त्या दिवशी आम्ही जमिनीवर बसून जेवलो.

मग स्टिअरिंग ओढून काढलं, आणि दांड्यावर कुठलीही खूण न करता काढलं. दांड्याला बारीक दाते असतात. एक दाता इकडेतिकडे झाला तरी गाडी सरळ चालताना स्टिअरिंग वाकडं दिसतं. त्याच्या मागे क्लॉक स्प्रिंग असते. गुंडाळलेली चपटी पट्टी, जिच्यातून फिरत्या स्टिअरिंगला हॉर्नची, बटणांची आणि एअरबॅगची वीज जाते. दोन्ही बाजूंना मोजकेच वेढे फिरते. ती मोकळी दिसली म्हणून बोटाने फिरवून पाहिली. गुळगुळीत फिरत होती, छान वाटत होतं. किती फिरवली, आठवत नाही. आतून टक् असा आवाज आला तेव्हा थांबलो.

तरीही मी काम सोडलं नाही. उलट बॅटरी जोडली, एअरबॅग टेबलावरच असताना किल्ली लावली आणि बटण दाबलं. मोटर हलली नाही, पण मीटरवर एअरबॅगचा लाल दिवा लागला. एकदा लागला की तो स्कॅनरशिवाय जात नाही.

शेवटी एक बरी कल्पना सुचली, तीच सगळ्यात महागात गेली. कॉलमला बसवलेल्या मोटरला गाडीच्या वायरिंगमधून वीज न देता थेट बॅटरीतून दोन तारा दिल्या. मोटर घूं करून फिरली आणि कित्येक आठवडे वर अडकलेला कॉलम खाली येऊ लागला. मी तारा तशाच धरून ठेवल्या. बटणाने चालवताना गाडीचं मॉड्यूल मोटरचे फेरे मोजत असतं आणि टोक यायच्या जरा आधी ते वीज तोडतं. मी त्या मॉड्यूललाच बगल दिली होती. थांबवायला कोणी नव्हतं. कॉलम अगदी तळाला गेला, मोटर कण्हली, आणि नट स्क्रूच्या शेवटच्या आट्यात करकचून अडकला. तारा उलट केल्या. नुसती गुणगुण. आता स्टिअरिंग बसवलं तर ते थेट मांडीवर येणार होतं. आधी निदान गाडी चालवता येत होती.

मी लाकडी हातोडा आणायला घरात गेलो आणि बाहेर आलो तर शेजारचे काका छत्री घेऊन पोर्चमध्ये उभे.

काका रेल्वेत इलेक्ट्रिक फिटर होते. इगतपुरीत हे काही दुर्मीळ नाही. थळ घाटाचा चढ ३७ ला १ आहे, गाड्यांना कसाऱ्याला मागून बँकर इंजिनं लागतात आणि ती वर इगतपुरीला सुटतात. एके काळी मुंबईकडून १५०० व्होल्टचा डीसी इथवर यायचा आणि पुढे २५ हजार व्होल्टचा एसी सुरू व्हायचा. त्या दिवसांत इंजिनांच्या मोटरींचे कार्बन बदलण्यात काकांचं अर्धं आयुष्य गेलं. त्यांनी माझ्या हातातला हातोडा पाहिला.

"कुठे मारणार आहेस?"

"कॉलमवर. हलकेच."

"तो काढून घे बरं त्याच्या हातातून," ते माझ्या बायकोला म्हणाले.

अपघातात ड्रायव्हरची छाती आपटली तर स्टिअरिंगचा दांडा भाल्यासारखा आत न घुसता दबत जावा, अशी त्याची रचना असते. अमेरिकेत १९६८ पासून ती कायद्यानेच सक्तीची आहे. त्यासाठी कॉलममध्ये मुद्दाम कमजोर ठेवलेले भाग असतात, जे ठरावीक जोराला तुटतात किंवा घसरतात. ते हातोड्याने तुटले तर वरून काही दिसत नाही. हे मला नंतर वाचून कळलं. काकांनी एवढंच सांगितलं की जे हाताने बसवलेलं असतं ते हातानेच निघतं. त्यांनी मोटर सोडवायला लावली, स्क्रूचं टोक पकडीत कापड घालून धरलं आणि अर्धा-अर्धा फेरा मागे घेत नट मोकळा केला. पाच मिनिटं लागली असतील.

मग त्यांनी माझी वही वाचली. १२.३ वर बोट ठेवलं. "हे कपलर सुटा ठेवून मोजलंस ना? इंडिकेटरचा बल्ब आहे का? एकवीस वॅटचा."

बल्ब मिळाला. त्याला दोन तारा लावून त्याच पिनांना जोडल्या. बायकोने बटण दाबलं. बल्ब लागला नाही. आतली तार फक्त लालसर झाली. मी मीटर लावला. बल्ब जोडलेला असताना बारा व्होल्टांचे उरले होते जेमतेम दोन.

"मीटर खोटं बोलत नाही," काका म्हणाले, "पण तो पितो किती? वाटेत टाकीचा कॉक निम्मा बंद असला तरी तोटी बंद ठेवून प्रेशर पाहिलंस तर पूर्णच दिसणार. तोटी उघडून बघ."

डिजिटल मल्टिमीटरचा स्वतःचा रोध साधारण एक कोटी ओहम असतो. त्यातून वाहणारा करंट नावालाच. वाटेत दहा ओहमचा अडथळा असला तरी एवढ्याशा करंटला तो जाणवत नाही आणि मीटर पूर्ण व्होल्टेज दाखवतो. मोटरला मात्र काही अँपिअर हवे असतात. ते त्या दहा ओहमातून येऊच शकत नाहीत. एकवीस वॅटचा बल्ब पावणेदोन अँपिअर मागतो, म्हणून तो लगेच चहाडी करतो. मी शाळेत ओहमचा नियम शिकलो होतो आणि गेली कित्येक वर्षं मल्टिमीटर बाळगून होतो. ह्या दोन गोष्टी एकमेकींना कधी भेटल्याच नव्हत्या.

अडथळा शोधायला मग वेळ लागला नाही. वायरिंग धरत मागे गेलो. ड्रायव्हरच्या उजव्या पायाशी, कडेच्या पॅनेलमागे एक मधला कपलर होता. तो ओढला तर आतून हिरवी पूड सांडली. एक पिन जवळजवळ खाल्ली गेलेली, दुसरी शेवाळल्यासारखी. कार्पेटखाली हात घातला, ओला. पुढच्या काचेखालच्या जाळीतून पावसाचं पाणी बाहेर टाकायला नळी असते, तिच्यात जांभळाची पानं कुजून बूच झालं होतं. इगतपुरीला वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या पुढे पाऊस पडतो, आणि मी गाडी त्या झाडाखाली लावतो, कारण उन्हाळ्यात तिथे सावली असते.

कपलर कापून नव्या पिना लावल्या. काकांनी मोटरही उघडून पाहिली आणि माझा चमकवलेला कम्युटेटर पाहून कपाळाला हात लावला. तो काळपटपणा म्हणजे चालत्या मोटरची चांगली झिलई होती. ती मी घासून काढली होती, आणि पॉलिश पेपरची पूड पट्ट्यांमधल्या फटींत भरली होती. त्यांनी सुई घेऊन एकेक फट साफ केली. मग कुर्ल्याची मोटर उघडली. तिचे कार्बन निम्मे झिजलेले. माझी जुनी मोटरच जास्त चांगली होती. तीच परत बसवली. बटण दाबलं आणि कॉलम वर गेला, खाली आला.

पुढची यादी थोडक्यात. क्लॉक स्प्रिंग तुटलेली असल्यामुळे हॉर्न वाजत नव्हता. ती नवी घ्यावी लागली आणि तिची किंमत बाकीच्या सगळ्या खर्चापेक्षा जास्त निघाली. स्टिअरिंगचा मधला बोल्ट एकदा काढला की नवाच लावायचा असतो, तो मागवला. नाशिकहून आलेल्या मुलाने स्कॅनर लावून एअरबॅगचा दिवा घालवला आणि कॉलमची दोन्ही टोकं मॉड्यूलला पुन्हा शिकवली, कारण माझ्या उपद्व्यापात त्याची मोजणी चुकली होती. स्टिअरिंग एक दाता डावीकडे बसलं होतं, तेही त्यानेच सरळ केलं. काम करताना त्याने विचारलं, "आधी कुठल्या गॅरेजला दिली होती?" बायको चहा घेऊन आली होती. ती म्हणाली, "घरच्याच."

कुर्ल्याच्या दुकानदाराला फोन केला, मोटर परत घेतो का म्हणून. तो म्हणाला, इलेक्ट्रिकचा माल परत घेत नाही, साहेब. पण त्याच गाडीची पुढे-मागे सरकवणारी मोटर कालच आली आहे, ठेवू का बाजूला? मी किंमत विचारली.