मागचा दिवा

आमच्या घरी एक जुनी व्हॅन आहे. अण्णा तिच्यातून आठवडे बाजाराला भाजी नेतात. मागच्या उन्हाळ्यात तिचा रिव्हर्सचा दिवा लागेनासा झाला. "एवढ्याशा दिव्यावाचून काय अडतंय?" असे अण्णा म्हणायचे. गाडी मागे घेताना मी मागे उभा राहून "येऊ द्या, येऊ द्या" असे ओरडायचो.

एके दिवशी तिन्हीसांजेला मी विहिरीवर गेलो होतो. अण्णा एकटेच गाडी मागे घेत होते. तेवढ्यात धाकटी बहीण पळत अंगणात आली. आजी ओट्यावरून ओरडली, "आरं थांब! पोर हाय मागं!" अण्णांनी करकचून ब्रेक दाबला. गाडी बहिणीपासून हातभर अंतरावर थांबली. त्या रात्री अण्णांना जेवण गेले नाही.

दुसऱ्या दिवशी त्यांनी मामांना बोलावले. मामा गाड्या दुरुस्त करतात. त्यांनी आधी हँडब्रेक ओढला आणि चाकांना दगड लावले. इंजिन बंद ठेवून नुसती किल्ली फिरवली व रिव्हर्स गिअर टाकला. दिवा लागला नाही. फ्यूज पाहिला, तो चांगला होता. बल्ब काढून बॅटरीवर लावला, तर लख्ख पेटला!

"मग बिघडलंय काय?" मी विचारले.

मामा म्हणाले, "गिअरबॉक्सवर एक स्विच असतो. रिव्हर्स गिअर पडला की त्याची गोळी आत दाबली जाते आणि दिव्याला करंट मिळतो."

त्यांनी बल्ब परत बसवला. गाडीखाली जाऊन स्विचच्या दोन्ही वायरी सोडवल्या आणि तारेच्या तुकड्याने एकमेकींना जोडल्या. मी मागून ओरडलो, "लागला, लागला!" म्हणजे वायरिंग ठीक होते, दोष स्विचचाच होता. तालुक्याहून नवा स्विच आणून बसवला. गिअर न्यूट्रलला घेतला की दिवा बंद, रिव्हर्सला टाकला की चालू. मी दहा वेळा बघितले.

आता दिवा लागतो. तरीसुद्धा अण्णा आधी खाली उतरून गाडीमागे बघतात आणि मगच गाडी मागे घेतात. मीही आता मागे उभा न राहता अण्णांना आरशात दिसेन असा बाजूला थांबतो.

मित्रांनो, तुमच्या घरी गाडी असेल तर वडिलांना सांगा आणि तिचा मागचा दिवा आजच लावून बघा.

— इयत्ता सातवीतील एक विद्यार्थी