पाऊस कमी? मग झाडं वाढवा!

पाऊस कमी पडतो, म्हणून झाडं जास्त लावायची! हो, बरोबर वाचलंत! मीही पुन्हा पुन्हा विचारून खात्री करून घेतली. आपला हिशेब असा, की पाणी थोडं असेल तर दोन झाडांत भरपूर अंतर सोडावं आणि मधलं गवत उपटून जमीन लख्ख ठेवावी. आणि इथे पोर्तुगालच्या दक्षिणेला, अलेंतेजूच्या रखरखीत माळावर, लोक झाडाला खेटून झाड लावत सुटलेत! ऑलिव्ह, त्याच्या शेजारी डाळिंब, पलीकडे लिंबू, मध्येच पॉप्लर, मध्येच निलगिरी, खाली आर्टिचोक आणि बाकला, आणि कडेला चक्क फड्या निवडुंग! सगळं एकाच ओळीत!

मी शेतकरी नाही. शेतीशास्त्रातलं मला ओ की ठो कळत नाही. पण हे कुणाला तरी सांगितल्याशिवाय चैन पडेना, म्हणून तुम्हाला धरलंय. चला माझ्याबरोबर!

याला म्हणतात सिंट्रॉपिक शेती. मूळचे स्वित्झर्लंडचे अर्न्स्ट ग्योट्श ब्राझीलला गेले, 1984 साली बाहिया राज्यात सुमारे 500 हेक्टर ओसाड जमिनीवर काम सुरू केलं, आणि कोको पिकवता पिकवता तिथे जंगल उभं केलं! आटलेले झरे पुन्हा वाहू लागले! पण तो भाग पावसाचा. कोरड्या मुलखात हे जमेल का? याच प्रश्नासाठी मी अलेंतेजूतल्या मेर्तोलाच्या वाटेला लागले. ग्वादियाना नदीकाठचं हे गाव, तेर्रा सिंत्रोपिका नावाची संस्था तिथे हेच काम करते, आणि मी जिथे गेले ते जवळचंच एक छोटंसं शेत होतं.

तिथलं हवामान म्हणजे कोडंच! आपल्याकडे पाऊस आणि ऊब एकत्र येतात, जूनमध्ये बी टाकलं की आठवड्याभरात हिरवं. तिथे पाऊस हिवाळ्यात! पाणी असतं तेव्हा थंडी, आणि ऊब येते तेव्हा पाणी गायब! उन्हाळ्यात पारा चाळिशी ओलांडतो आणि महिनोन् महिने थेंब नाही. त्यात 1929 मध्ये सरकारने गव्हाची मोहीम काढली. देश गव्हात स्वयंपूर्ण करायचा म्हणून पातळ मातीचे उतारसुद्धा नांगरले गेले, आणि मग माती पावसाबरोबर वाहून गेली. अजूनही कितीतरी उतारांवर नुसता खडक दिसतो. बघून पोटात कालवतं. या जमिनीवर झाडं लावणाऱ्यांना मी हात जोडते.

आता गंमत ऐका! प्रत्येक झाडाचा मजला ठरलेला. सगळ्यात उंच झाडांनी जमिनीवर साधारण 20 टक्के सावली धरायची, त्याखालच्यांनी 40, मधल्यांनी 60, आणि तळच्यांनी 80. बेरीज करा! 200! जमीन एकच, आणि पानांचं छत दुप्पट! वरून निसटलेलं ऊन खालचा पकडतो, त्याच्याकडून निसटलेलं त्याच्याही खालचा. श्री. अ. दाभोळकरांचं ‘विपुलाच सृष्टी’ ज्यांनी वाचलंय, त्यांना उन्हाचा हा हिशेब ओळखीचा वाटेल.

मी गेले तेव्हा सप्टेंबर संपत आला होता. उन्हाळाभर पाऊस नाही. पायवाटेवरची माती विटेसारखी कडक! शेत दाखवणाऱ्या बाईंनी मला ओळीशी बसवलं आणि म्हणाल्या, घाला हात. मी पाचोळा बाजूला केला. वर कोरडी पानं, मग काटक्या, मग मनगटाएवढी लाकडं जमिनीला चिकटून पडलेली, आणि मग लाकूड उचललं तर खाली ओल! गार! बोटांना लागणारी! आणि त्या ओलीत बुरशीचे पांढरेशुभ्र धागे, लाकडाच्या सालीत शिरलेले! ठिबक आहे हो, पहिले काही उन्हाळे ते लागतंच. पण उघड्या मातीवरचं पाणी दुपारपर्यंत उडून जातं, इथे ते दडून बसतं!

आणि हे लाकूड आलं कुठून? शेतातूनच! निलगिरी लावलीच आहे कापायला! पोर्तुगालमध्ये निलगिरीचं नाव काढलं की लोकांच्या कपाळाला आठ्या पडतात, कागदाच्या लगद्यासाठी मैलोन् मैल लावलेली आणि वणव्यात भडकणारी म्हणून. इथे मात्र ती भराभर वाढते, उन्हाळ्यात डोक्यावर सावली धरते, आणि मग पहिल्या पावसाच्या सुमाराला तिच्या फांद्या छाटायच्या, जाड लाकूड खाली, पाला वर, आणि मग हिवाळाभर पावसात ते भिजतं, कुजतं, आणि मग छाटलेल्या जागेतून ऊन खाली उतरतं ते थेट बाकल्याच्या पानांवर, आणि मग वसंतात निलगिरीला पुन्हा फुटवे! म्हणजे सावली हवी तेव्हा सावली, ऊन हवं तेव्हा ऊन!

निवडुंगाचं तर विचारूच नका! त्याचं पान म्हणजे जवळजवळ सगळं पाणीच. ते चिरून रोपाच्या बुंध्याशी ठेवायचं. बस्स!

अजून एक, एवढंच सांगते! ओक ते पिशवीत वाढवत नाहीत, फळ थेट मातीत पुरतात. बाईंनी मागच्या हंगामाची गोष्ट सांगितली, फळ उकरून पाहिलं तर वर पानाचा पत्ता नाही आणि खाली मूळ बोटभर! पानाआधी मूळ! हिवाळाभर ते सरळ खाली जात राहतं, वरचा कोंब वसंतात. उन्हाळा येण्याआधी ओलीपर्यंत पोहोचायचं आहे ना! पिशवीत ते मूळ गुंडाळून बसलं असतं.

सोपं नाही, हेही सांगते. कोरडा पाचोळा म्हणजे आगीला आमंत्रण, त्यामुळे शेताभोवती मोकळा पट्टा राखावा लागतो. छाटणीला माणसं लागतात, करवतीला हात बसलेले. मोठं यंत्र या गर्दीत शिरत नाही. पण म्हणून मागे हटायचं? मला तरी नाही वाटत!

तिथली झाडांची यादी आपल्याकडे उचलून आणू नका, आपला पाऊस वेगळा. पण ज्यांच्याकडे बांध आहे, त्यांनी येत्या पावसाळ्यात एक ओळ करून बघाच! शेवगा, सीताफळ, लिंबू, तूर, आणि छाटून छाटून पाला घ्यायला गिरिपुष्प. दाट लावा, छाटा, छाटलेलं तिथेच टाका. आणि उन्हाळ्यात त्या पाचोळ्याखाली हात घालून मला कळवा, मी बघायला येते!