एका कमानवाल्याचं मतांतर

खेडला भरणे नाक्याच्या जवळ माझं कमानीचं काम आहे. महामार्गावरून जाणारी एखादी गाडी एका अंगाला झुकली, पाटा तुटला, सेंटर बोल्ट कापला गेला, की ती माझ्याकडे येते. जांभ्याचे चिरे वाहणारे टेम्पो, लोट्याच्या एमआयडीसीत माल नेणारे ट्रक, आंब्याच्या दिवसांत पेट्या भरून रात्री मुंबईला निघणाऱ्या पिकअप. बसलेली गाडी उचलून देणं हा माझा धंदा आहे. म्हणून आमची जुनी पिकअप एअर सस्पेन्शनवर घ्यायची आणि जमिनीलगत आणायची, ही गोष्ट भाच्याने काढली तेव्हा मी त्याचं पुरतं ऐकूनही घेतलं नाही. आज माझं मत तसं राहिलेलं नाही. ते कसं पालटलं हे मांडायला हवं, कारण अशीच मागणी घेऊन आलेल्या बऱ्याच पोरांना मी दारातून परत पाठवलं आहे.

पिकअप माझ्या वडिलांची. ऐंशीच्या दशकातली महिंद्राची, जीपच्याच घडणीची, पुढे-मागे पाट्यांच्या कमानी आणि मागे लोखंडी हौदा. तिने चिरे वाहिले, भाताची पोती वाहिली, आणि गणपतीच्या आदल्या दिवशी कारखान्यातून वाडीवाडीला मूर्ती पोचवल्या. अशा गाडीची उंची म्हणजे तिची ताकद, अशी माझी समजूत होती. आमच्या वाड्यांचे रस्ते पावसात धुऊन निघतात, मधोमध दगड वर येतात, आणि खाली पुरेशी जागा नसली तर गाडी पोटावर टेकते. कष्टाच्या गाडीला शोभेसाठी वाकवणं मला अपमानाचं वाटायचं. आणि मी पाहिलेल्या ‘लो’ केलेल्या गाड्याही तशाच होत्या. कुणी कमानीतले दोन पाटे काढून टाकलेले, कुणी कॉइल स्प्रिंग गॅसवर तापवून दाबलेली. तापवल्यावर त्या पोलादाचं पाणी उतरतं. महिन्या-दोन महिन्यांत ती स्प्रिंग एका बाजूने बसते आणि ब्रेक दाबला की गाडी ओढते. त्या कामाला माझा विरोध होता आणि आजही आहे.

बदल सुरू झाला तो मुंबईच्या लक्झरी बसमुळे. नाक्यावर रात्री त्या थांबतात. एका चालकाने चहा पिता पिता मला बटण दाबून दाखवलं. फुस्स असा आवाज झाला, दाराकडची बाजू खाली आली, एक म्हातारी बाई सहज पायरी चढली आणि बस पुन्हा आपल्या उंचीवर गेली. एवढी मोठी गाडी खाली येऊन पुन्हा वर जाते आणि तिचं काही बिघडत नाही, हे मी डोळ्यांनी पाहिलं. मग खाली वाकून कमानीच्या जागी बसवलेले हवेचे रबरी बलून बघितले, लेव्हलिंग व्हॉल्व्ह बघितला, त्याचा तो छोटा दांडा बघितला, आणि घरी येऊन भाच्याला म्हटलं, “तू त्या दिवशी काय सांगत होतास, ते आता नीट सांग.”

“मामा, मी गाडी बसवायला सांगतच नव्हतो,” तो म्हणाला. “खाली-वर करता आली पाहिजे, एवढंच म्हणत होतो.”

यातली खुबी कमानीचं काम करणाऱ्याला लवकर कळते. पोलादी पाट्याचा कडकपणा एकदाच ठरतो. पूर्ण भार सोसेल असा तो बनवायचा, म्हणजे रिकामी गाडी उडणार. रिकाम्या पिकअपच्या हौद्यात बसून भोस्ते घाट उतरलेल्या माणसाला हे वेगळं सांगायला नको. हवेचं तसं नाही. भार वाढला की गाडी किंचित दबते, व्हॉल्व्हचा दांडा हलतो, टाकीतली हवा बलूनमध्ये शिरते, दाब वाढतो आणि गाडी पुन्हा ठरलेल्या उंचीवर येते. माल उतरला की तीच हवा बाहेर. दाब भाराप्रमाणे कमी-जास्त होत असल्यामुळे मऊपणा रिकाम्या आणि भरल्या गाडीत जवळपास सारखा राहतो. पाट्यांनी हे साधण्यासाठी आम्ही खाली जाड मदतीचा पाटा घालतो, जो भार आल्यावरच टेकतो. पण त्याने थोडंफारच भागतं. ज्या गोष्टीसाठी मी इतकी वर्षं हातोडा चालवला, ती हवा जास्त चांगली करते. हे मान्य करायला मला वेळ लागला.

जुन्या पिकअप खाली आणण्याचा नाद मूळचा अमेरिकेतला, आणि मी तो श्रीमंतांचा चाळा समजत होतो. भाच्याने मला त्याचा इतिहास वाचायला दिला. कॅलिफोर्नियात मेक्सिकन वंशाच्या कामकरी घरांतली पोरं जुन्या शेवरोले घेऊन त्यांच्या डिकीत वाळूची पोती टाकायची, म्हणजे गाडी मागून खाली बसायची. माझ्याकडे येणाऱ्या टेम्पोंचं जे नकळत होतं ते ही पोरं हौसेने करत होती. पुढे १९५८ च्या सुमारास तिथे कायदा आला: गाडीचा कोणताही भाग चाकाच्या रिमच्या खालच्या कडेपेक्षा खाली असता कामा नये. त्यावर रॉन अगिरे नावाच्या तरुणाने १९५९ मध्ये आपल्या कॉर्व्हेटला विमानातले हायड्रॉलिक पंप जोडले. पोलीस दिसला की गाडी वर, तो गेला की खाली. उंची हवी तशी बदलायची ही कल्पना त्या गाड्यांत अशी रुजली. पुढे तेलाच्या जोडीला हवा आली. कॅलिफोर्नियाने तो जुना निर्बंध २०२४ पासून काढून टाकला.

हवेची स्प्रिंग मात्र हौशी लोकांनी शोधलेली नाही. फायरस्टोन कंपनी १९३० च्या दशकापासून तिच्यावर काम करत होती आणि १९५३-५४ च्या सुमारास ग्रेहाउंडच्या बस तिच्यावर धावू लागल्या. म्हणजे कष्टाच्या गाडीतच ती आधी मुरली. १९५७ च्या कॅडिलॅक एल्डोराडो ब्रोहॅमला चारही चाकांवर हवा दिली होती. ती गळू लागली तेव्हा अनेक मालकांनी ती काढून कॉइल बसवल्या. हे उदाहरण मी भाच्याला पूर्वी तावातावाने सांगितलं होतं. आता ते पुन्हा वाचताना दिसतं की बसमध्ये टिकलेली वस्तू त्या मोटारीत टिकली नाही, याचा दोष हवेच्या माथी मारता येत नाही. जोडणी, रबर आणि निगा यांचा तो प्रश्न होता.

मन खऱ्या अर्थाने वळलं ते गणपतीत. आमच्या पिकअपचा हौदा छातीइतका उंच आहे. भाताचा पेंढा पसरून त्यावर मूर्तीचा पाट ठेवायचा, तर दोघांनी खालून उचलून तिसऱ्याने वरून धरायचं. पाऊस असतो, चिखल असतो, हात ओले असतात, आणि ओल्या रंगाला बोट लागू द्यायचं नसतं. मग रिकाम्यासारखी हलकी गाडी कडक कमानींवर धक्के खात वाडीपर्यंत जाते, आणि हौद्यात बसलेला माणूस सगळा वेळ मूर्तीच्या पाठीशी हात धरून असतो. वडिलांनी ते निगुतीने केलं, मीही केलं. गेल्या खेपेला फाळका उघडून उभा असताना मनात आलं की हा हौदा आत्ता वीतभर खाली आला असता आणि वाटेत कमान मऊ झाली असती, तर या कामाला याहून चांगली गाडी झाली नसती. वाडीच्या चढाला लागलं की पुन्हा वर. गाडीचा मान राखायचा तर तिला जे काम दिलं आहे ते तिने नीट करावं, आणि या कामाला तिची उंची अडत होती.

आता अडचणी, कारण त्या माझ्याच हाताखालच्या आहेत. पाट्याची कमान दोन कामं करते: भार सोसते आणि अॅक्सलच्या हाउसिंगला जागेवर धरून ठेवते. बलून फक्त भार सोसतो. कमान काढून नुसते बलून ठेवले तर अॅक्सल मागे-पुढे आणि आडवा कुठेही सरकेल. अमेरिकेत शेवरोलेची सी-१० पिकअप या कामासाठी इतकी आवडती आहे त्याचं एक कारण हेच. १९६० ते १९७२ च्या त्या गाड्यांना मागे कॉइल होत्या आणि अॅक्सल लांब दांड्यांनी धरलेला होता. कॉइलच्या जागी बलून आला तरी धरणारे दांडे तिथेच. आमच्या पिकअपला ते दांडे नव्याने करावे लागतील, चार दांडे किंवा तीन दांडे आणि एक आडवा, आणि त्यांचे ब्रॅकेट चासीला असे बसवावे लागतील की गाडी खाली-वर होताना प्रोपेलर शाफ्टच्या क्रॉसचा कोन बिघडणार नाही. ब्रेकचा पाइप सगळ्यात खालच्या आणि सगळ्यात वरच्या उंचीला ताणला जाता कामा नये. बलून फुटला तर गाडी टेकावी म्हणून आत भक्कम रबरी ठोकळा हवा. जमिनीला अगदी टेकवायची तर हाउसिंगला जागा करण्यासाठी चासीला वरून कमानदार खाच पाडावी लागते. ती मी पाडणार नाही. वडिलांच्या गाडीची चासी कापायला माझा हात धजणार नाही, आणि मूर्तीसाठी वीतभर उतार पुरतो.

आणि हवा म्हणजे ओलावा. आमच्याकडे पावसाळ्यात भिंती घामेजतात; कॉम्प्रेसर तीच हवा ओढणार, टाकीच्या तळाशी पाणी साचणार, व्हॉल्व्ह गंजणार. ड्रायर आणि रोज उघडायचा ड्रेन कॉक यांच्याशिवाय कोकणात हे काम करू नये. जांभ्याचा बारीक चुरा बलूनच्या घडीत अडकला तर रबर कापतो, म्हणून त्याला झाकण हवं.

सगळ्यात मोठी अडचण कायद्याची आहे, आणि ती मी भाच्यापासून लपवली नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे नोंदणीतल्या मूळ तपशिलाहून वेगळा बदल गाडीत करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हेच उचलून धरलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनंतर अशा प्रत्येक बदलाला ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. पन्नास वर्षांवरच्या खासगी गाड्यांसाठी २०२१ पासून ‘व्हीए’ अक्षरांची विंटेज नोंदणी मिळते, पण तिला गाडी मूळ रूपात लागते. म्हणजे त्याही वाटेने जाता येत नाही.

या कायद्यामागचं कारण मला पटतं. पाटे काढलेल्या आणि स्प्रिंगा जाळलेल्या गाड्या मीच पाहिल्या आहेत. तरी सीएनजीचं किट तपासून, मान्यता देऊन नोंदणीत चढवता येतं. तशीच वाट नीट तपासलेल्या हवेच्या सस्पेन्शनला मिळाली पाहिजे: मान्य किट, मान्य कारागीर, ब्रेकची चाचणी, आणि मग पासिंग. हे मी आता ठामपणे म्हणतो. पूर्वी कुणी असं म्हटलं असतं तर मी त्याच्याशी वाद घातला असता.

तोवर वडिलांची पिकअप तिच्या कमानींवरच रस्त्यावर धावेल. भाच्याने आणि मी भंगारातून तशाच मापाची एक चासी आणली आहे. तिची नोंदणी नाही, ती आवाराबाहेर जाणार नाही. तिच्यावर मागची जोडणी उभी करायची, पोती ठेवून भार द्यायचा, खाली-वर करून क्रॉसचे कोन मोजायचे. दांड्यांची लांबी अजून ठरलेली नाही: भाचा म्हणतो वरचे आखूड ठेवू, मला चारही सारखे हवेत. रविवारी दोन्ही तऱ्हेचे करून बघणार आहोत. ज्या पोरांना मी परत पाठवलं, त्यांनी त्या दिवशी यावं.