सहावा हिस्सा

आमच्या घरात माणसे सहा. अम्मी, मी, माझी बीवी, मुलगा, सून आणि पहिलीत जाणारी नात. रेशनकार्डावर सहा नावे आहेत, रात्री दस्तरखानावर सहा ताटे पडतात. तरीही एका संध्याकाळी कॉम्प्युटरवरच्या तक्त्यात ‘कुटुंबातील माणसे : सहा’ या ओळीसमोर शून्य होते. आमच्या अख्ख्या मोहल्ल्यात सहा माणसांचे एकही घर नाही, असे तो तक्ता सांगत होता.

मी सोलापूरच्या एका कॉलेजात एकतीस वर्षे संख्याशास्त्र शिकवले. निवृत्त झाल्यावर मोहल्ल्यातली शिकलेली पोरे घरी आली. म्हणाली, ‘सर, दहावीनंतर आपल्या किती मुली पुढे शिकतात आणि किती घरी बसतात, हे घरोघर जाऊन मोजू या.’ मला बरे वाटले. सच्चर समितीचा अहवाल २००६ साली आला. तेव्हापासून आपल्या प्रत्येक सभेत त्याचे नाव निघते, पण आपल्याच गल्लीचे आकडे आपल्यापाशी नसतात. जवळपास मुलींसाठी अकरावी-बारावीचे वर्ग सुरू व्हावेत, असा अर्ज करायचा होता. अर्जाला आकड्यांचा आधार हवा होता. २०२३ च्या डिसेंबरात पोरांनी दारोदार फिरून फॉर्म भरून आणले. बिड्या वळणाऱ्या बायांनी हातातले काम न थांबवता उत्तरे दिली.

हिशेबाला ‘आर’ हे सॉफ्टवेअर घेतले. न्यूझीलंडमधल्या ऑकलंड विद्यापीठातल्या रॉस इहाका आणि रॉबर्ट जंटलमन या दोघांनी १९९० च्या दशकात ते सुरू केले. २९ फेब्रुवारी २००० रोजी त्याची १.० आवृत्ती आली. जगभरची माणसे त्यात भर घालतात आणि ते फुकट मिळते. पेन्शनवर जगणाऱ्या मास्तरला ही शेवटची गोष्ट फार मोलाची.

प्रोग्रॅम मी लिहिला. प्रत्येक घर म्हणजे एक. घरात चार माणसे असतील तर प्रत्येकाच्या वाट्याला पाव, सहा असतील तर सहावा हिस्सा. म्हणजे मोठ्या घराचे वजन उगाच वाढत नाही. मग एक चाचणी ठेवली. घरातल्या सगळ्यांच्या हिश्श्यांची बेरीज एक झाली, तर फॉर्म पूर्ण. एक झाली नाही, तर कुणाची तरी नोंद राहिली आहे असे समजून ते घर बाजूला काढायचे. ही युक्ती मी कॉलेजात कित्येक वर्षे शिकवली होती. माझ्या जुन्या कॉम्प्युटरवर प्रोग्रॅम नीट चालला. खरोखर अर्धवट राहिलेले मोजके फॉर्म गळाले, बाकी सगळे राहिले.

माझी भाची पुण्यात संख्याशास्त्रात एम. एस्सी. करते. सुट्टीत ती आली, तेव्हा पडताळा म्हणून तोच प्रोग्रॅम आणि तीच माहिती तिच्या नव्या लॅपटॉपवर चालवली. तिच्याकडे तक्ता वेगळाच आला. सहाच्या ओळीत शून्य, दहाच्या ओळीतही शून्य. आणि शिक्षण थांबलेल्या मुलींचे प्रमाण माझ्यापेक्षा बरेच कमी.

ती म्हणाली, ‘मामू, आपके प्रोग्रॅम में कुछ गडबड है.’

मी म्हणालो, ‘मेरे यहां बराबर आ रहा ना? फिर गडबड तेरे यहां है. फाइल नीट उतरवली नसशील.’

आवाज चढला होता, हे मला तेव्हाही कळले. ती गप्प बसली. रात्री जागून तिने एकेक फॉर्म पुन्हा ताडून पाहिला. एकही नोंद चुकलेली नव्हती.

तरी माझा हेका सुटला नाही. मी म्हटले, तुझ्याकडचे ‘आर’च नीट बसलेले नसेल, काढून पुन्हा टाक. मग दोन दिवस वेगळीच कसरत झाली. ‘आर’ बसले, पण त्यावरचे एक पॅकेज काही केल्या बसेना. पडद्यावर लाल अक्षरांच्या ओळीच ओळी यायच्या आणि शेवटी एकच निरोप : पॅकेज बसवता आले नाही. आम्ही तीच शेवटची ओळ वाचायचो आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू करायचो. तिसऱ्या खेपेला भाचीने त्या ओळी खालून वर वाचत नेल्या. बऱ्याच वर एक साधी ओळ होती : फोरट्रानची लायब्ररी सापडत नाही.

पॅकेज दोन तऱ्हांनी मिळते. एक दळून आणलेल्या पिठासारखे, लगेच वापरता येणारे. दुसरे गव्हासारखे, म्हणजे मूळ प्रोग्रॅम. तो आपल्या कॉम्प्युटरवर दळावा लागतो, त्याला कंपायलर लागतो. नवी आवृत्ती पुष्कळदा आधी गव्हाच्या रूपात येते. तेव्हा ‘आर’ विचारते, मूळ प्रोग्रॅमवरून बांधू का? नवे ते चांगले म्हणून आम्ही हो म्हणत होतो. या पॅकेजचा काही भाग फोरट्रान या जुन्या भाषेत लिहिलेला होता आणि तिच्या लॅपटॉपवर फोरट्रानची चक्कीच नव्हती. आम्ही नाही म्हटले, तयार पीठ घेतले आणि पॅकेज मिनिटभरात बसले. बांधायचेच असते, तर आधी डेव्हलपर टूल्स आणि त्या आवृत्तीला चालणारा फोरट्रान कंपायलर बसवावा लागला असता. यातून एक कळले. चुकीचा निरोप शेवटून वाचू नये. रडणे शेवटी ऐकू येते, दुखणे आधी सुरू झालेले असते.

एवढे होऊनही तक्त्यात सहाच्या ओळीत शून्यच.

मग भाचीने ते केले, जे मी पहिल्याच दिवशी करायला हवे होते. सगळी घरे बाजूला ठेवली आणि एकच घर घेतले, आमचे. सहा ओळी. सहा सहावे हिस्से. बेरीज केली. पडद्यावर आले १. ‘ही बेरीज १ आहे का?’ असे विचारले. उत्तर आले, नाही.

मी चष्मा पुसला. समोर १ दिसतो आहे आणि यंत्र म्हणते १ नाही!

‘आर’ एरवी सातच अंक दाखवते. भाचीने सतरा अंक दाखवायला सांगितले. तेव्हा खरे रूप दिसले : ०.९९९९९९९९९९९९९९९८९. माझ्या कॉम्प्युटरवर तीच बेरीज नेमकी १ येत होती.

कारण समजायला कठीण नाही. कॉम्प्युटर दोनाच्या हिशेबात मोजतो. अर्धा, पाव, आठवा हिस्सा त्याला तंतोतंत लिहिता येतो, म्हणून दोन, चार, आठ माणसांच्या घरांना धक्का लागला नाही. सहावा हिस्सा त्याला पुरता लिहिता येत नाही. आपणही एक-तृतीयांश ०.३३३३ असा लिहीत गेलो, तरी कुठेतरी हात थांबवावाच लागतो. नेहमीच्या मांडणीत कॉम्प्युटरला त्यासाठी ५३ द्विमान अंक मिळतात. सहावा हिस्सा तिथे किंचित कमी लिहिला जातो. मग प्रत्येक बेरजेला पुन्हा थोडी काटछाट होते. सहा हिस्से मिळवल्यावर एकाला केसभर कमी पडते.

मग माझ्याकडे बरोबर कसे आले? माझ्या कॉम्प्युटरचा प्रोसेसर इंटेलच्या घराण्यातला. त्यात बेरजेसाठी ६४ अंकांची जास्त रुंद जागा आहे आणि ‘आर’ची बेरीज ती जागा वापरते. शेवटी उत्तर पुन्हा ५३ अंकांत बसवताना ते गोल होऊन १ होते. भाचीच्या लॅपटॉपमध्ये ॲपलचा २०२० नंतरचा एम मालिकेतला प्रोसेसर आहे. त्यावर ही रुंद जागा नसते. ‘आर’लाच विचारले, तर अशा आकड्यासाठी ते माझ्याकडे १६ बाइट सांगते, तिच्याकडे ८. म्हणजे दोन्ही यंत्रे आपापल्या जागी बरोबर होती. चुकीची होती ती माझी चाचणी. माझे उत्तर बरोबर आले, पण रीत चुकीची होती. नशिबाने पास झालेल्या मुलासारखा मी तोऱ्यात होतो.

‘आर’च्या अधिकृत प्रश्नोत्तरांत ७.३१ क्रमांकाचा प्रश्न नेमका हाच आहे : दिसायला सारखे असलेले दोन आकडे ‘आर’ सारखे का मानत नाही? मी तो वर्गात वाचून दाखवलेला होता! आणि अशा फरकाला क्षुल्लक म्हणता येत नाही. २५ फेब्रुवारी १९९१ रोजी आखाती युद्धात सौदी अरेबियातल्या धहरान इथे अमेरिकी पॅट्रिअट यंत्रणेला येणारे स्कड क्षेपणास्त्र अडवता आले नाही आणि २८ सैनिक मेले. त्या यंत्रणेचे घड्याळ सेकंदाच्या दहाव्या हिश्श्याने मोजत होते आणि तो दहावा हिस्सा आत थोडा तोकडा लिहिलेला होता. सुमारे शंभर तास न थांबता चालल्यावर फरक सेकंदाच्या एक-तृतीयांशावर गेला.

आमच्याकडे कुणी मेले नाही. पण तिचा तक्ता पुढे गेला असता तर काय झाले असते? मोठी घरे गळाली, तशा त्या घरांतल्या मुलीही गळाल्या. शाळा सुटलेल्या पुष्कळ मुली त्याच घरांतल्या होत्या. परिस्थिती आहे त्याहून बरी दिसली असती. अर्ज वाचणारा म्हणाला असता, एवढे काही वाईट नाही. आणि यंत्राने लाल अक्षरात एक ओळही लिहिली नसती. पॅकेज बसत नाही तेव्हा ते निदान ओरडते. आकडा चुकतो तेव्हा कुणी ओरडत नाही.

दुरुस्ती दोन ओळींची होती. अपूर्णांकांची बेरीज करून १ शी ताडायचीच नाही. फॉर्मवर माणसे सहा लिहिली आहेत आणि नोंदी सहा आहेत का, एवढेच पाहायचे. पूर्ण संख्येला पूर्ण संख्येशी ताडायचे. अपूर्णांक ताडायचेच असतील, तर थोडी सूट देऊन ताडायचे. त्यासाठी ‘आर’मध्ये वेगळी सोय आहे, ती दहा कोटींत साधारण दीड इतका फरक सोडून देते. दोन्ही कॉम्प्युटरवर आकडे जुळले. आमचे घर परत आले.

भाचीची माफी मागताना मला १९९४ साल आठवले. अब्बा गेले, तेव्हा मागे अम्मी, दादी, आम्ही दोघे भाऊ आणि एक बहीण. मौलानासाहेब हिस्से काढायला बसले. मी कॅल्क्युलेटर घेऊन आधीच हिशेब केला होता. अम्मीचा आठवा हिस्सा ०.१२५, दादीचा सहावा ०.१६६६६६६, दोघा भावांचे प्रत्येकी ०.२८३३३३३, बहिणीचा ०.१४१६६६६. बेरीज आली ०.९९९९९९८. मौलाना हसले. म्हणाले, ‘प्रोफेसरसाब, दाना तोडू नका. पूरा दाना गिनो.’

त्यांनी मिळकतीचे २४ भाग धरले. अम्मीला ३, दादीला ४, उरले १७. मुलाला दोन आणि मुलीला एक या प्रमाणात त्याचे पाच वाटे करायचे, ते पुरे पडेनात. म्हणून २४ ला पाचाने गुणून १२० केले. अम्मी १५, दादी २०, आम्ही भाऊ ३४-३४, बहीण १७. बेरीज १२०. एक दाणा इकडचा तिकडे नाही. या रीतीला तसहीह म्हणतात, असे ते म्हणाले. तसहीह म्हणजे दुरुस्ती. नवव्या शतकात बगदादला अल-ख्वारिझ्मींनी बीजगणिताचे पुस्तक लिहिले, त्यातला मोठा भाग अशाच वाटणीच्या हिशेबांचा आहे. त्यांच्याच नावावरून अल्गोरिदम हा शब्द आला. आमच्या प्रोग्रॅमची दुरुस्ती माझ्या घरात कागदावर लिहून ठेवलेली होती. मी ती तीस वर्षे विसरून गेलो होतो.

भाचीला तो कागद पाहायचा होता. पत्र्याच्या पेटीतून काढला. घड्यांवर विरलेला, पण आकडे स्वच्छ. तिने बोटाने एकेक ओळ वाचली. तिच्या अम्मीच्या नावासमोर १७ होते आणि त्यापुढे वेगळ्या शाईत लिहिले होते, ‘माफ किया’. खाली माझ्या बहिणीची सही. तेव्हा सगळ्यांनी तिला समजावले होते. समजावणाऱ्यांत मीही होतो.

भाची बराच वेळ बोलली नाही. मग विचारले, ‘मामू, जोड तो एक सौ बीस बराबर है. फिर ये सतरा गए कहां?’

मला उत्तर सुचले नाही. हिशेब पुरा जुळला होता आणि माणूस गळाला होता. आमच्या त्या तक्त्यासारखाच, न ओरडता.

मुलींच्या वर्गांचा अर्ज दिला आहे. त्याला दुरुस्त तक्ता जोडला आहे आणि चाचणी कशी बदलली तेही लिहिले आहे. दुसरा कागद मी पेटीत परत ठेवलेला नाही. तो टेबलावर आहे. भावाशी बोलणे सुरू केले आहे. तो म्हणतो, इतक्या वर्षांनी हे कशाला उकरायचे? मी त्याला म्हणालो, चूक सापडली की तीस वर्षांचा प्रोग्रॅमही दुरुस्त करावा लागतो.