ठोसा, शिट्टी आणि मेंदू

ब्रिस्बेनमध्ये फॅमिली डॉक्टर म्हणून काम करताना हिवाळ्यातल्या सोमवारी सकाळी एक ठरावीक रुग्ण हमखास येतो. विशी-पंचविशीतला दणकट मुलगा, उजव्या मुठीचं मधलं हाड सुजलेलं आणि त्यावर तांदळाच्या दाण्याएवढी जखम. "कसं लागलं?" विचारलं की उत्तर येतं, "काही नाही डॉक, पडलो." पडल्यावर नेमकी तिथे आणि तशी जखम होत नाही. ती दाताची असते, आणि तोही समोरच्याच्या दाताची.

या जखमेबद्दल आधी दोन शब्द, कारण दिसायला ती क्षुल्लक असते. मूठ आवळलेली असताना त्वचा, खालची शिर (टेंडन) आणि सांध्याची पिशवी एकावर एक ताणलेली असतात. दात या तिन्हींतून आत जातो. मूठ उघडली की टेंडन मागे सरकते आणि भोक झाकलं जातं. तोंडातले जंतू आत, दरवाजा बंद. वरून पट्टी लावून घरी बसलेल्याचा सांधा दोन-तीन दिवसांत पुवाने भरू शकतो. म्हणून अशा जखमेला टाके घालायचे नाहीत. त्याच दिवशी दवाखाना गाठायचा, एक्स-रे काढायचा (कधी आत दाताचा तुकडा सापडतो), अँटिबायोटिक आणि धनुर्वाताचं इंजेक्शन घ्यायचं. बऱ्याच जणांचा सांधा ऑपरेशन करून धुवावा लागतो. ठोसा मारणाऱ्याच्या करंगळीमागचं हाड मोडणं तर इतकं सर्रास, की त्या फ्रॅक्चरला नावच मुष्टियोद्ध्याचं पडलं आहे.

पण हात बरा होतो. ज्याच्या डोक्यावर ठोसा बसला त्याचं काय, हा खरा विषय.

इथला लाडका खेळ रग्बी लीग. १८९५ मध्ये इंग्लंडच्या उत्तरेकडच्या क्लबांनी मूळ रग्बीपासून फुटून तो सुरू केला, १९०८ पासून तो सिडनीत रुजला. तेरा-तेरा खेळाडू, आणि आपल्या कबड्डीसारखी पकड. फक्त पकडणारा शंभर किलोचा आणि धावत आलेला. अशा खेळात डोकी तापणारच. न्यू साउथ वेल्स आणि क्वीन्सलँड या राज्यांमध्ये १९८० पासून होणाऱ्या 'स्टेट ऑफ ओरिजिन' सामन्यांत तर मारामारी ही जणू परंपराच मानली जायची. १९८३ च्या मालिकेत लेस बॉइडच्या कोपराने डॅरिल ब्रोमनचा जबडा मोडला. बॉइडवर बारा महिन्यांची बंदी आली. एवढी मोठी शिक्षा झाल्यावर मारामाऱ्या थांबायला हव्या होत्या ना? थांबल्या नाहीत.

थांबवलं ते दुसऱ्याच गोष्टीने. ५ जून २०१३ ला ओरिजिनच्या पहिल्या सामन्यात न्यू साउथ वेल्सचा कर्णधार पॉल गॅलनने नेट माइल्सला सगळ्यांसमोर ठोसे मारले. तो मैदानावरच राहिला; रेफरीने प्रकरण फक्त 'ऑन रिपोर्ट' टाकलं, म्हणजे निवाडा सामन्यानंतर. त्याचा संघ जिंकला. (पुढे गॅलन व्यावसायिक बॉक्सिंगही खेळला. तिथले हातमोजे मेंदूला वाचवतात असा समज आहे. ते मुख्यतः मारणाऱ्याचा हात वाचवतात.) टीव्हीवर ते पाहणाऱ्या लहान मुलांचं काय, अशी टीका झाली आणि काही दिवसांतच नियम आला: ठोसा मारला की थेट सिन बिन, दहा मिनिटं बाहेर. कोण आहेस, सामना कोणता, आधी कोणी डिवचलं, काही विचारायचं नाही. त्याच मालिकेच्या दुसऱ्या सामन्यात रेफरींनी दोन्ही संघांचे मिळून चार खेळाडू बाहेर काढले. लोक भडकले, खेळ बायकी केला म्हणाले. पण त्यानंतर मैदानावर मुठी चालणं झपाट्याने कमी झालं.

डॉक्टर म्हणून मला यात नवल वाटत नाही. महिन्याभराने येणाऱ्या शिक्षेला तापलेलं डोकं हिशेबात धरत नाही. आत्ता, इथेच, हमखास मिळणारी छोटी शिक्षा धरतं, आणि आपल्यामुळे बाकीचे बारा जण दहा मिनिटं मार खाणार, ही लाज तर नक्कीच धरतं. मधुमेहाच्या रुग्णाला वीस वर्षांनी किडनी जाईल असं सांगून गोड सुटत नाही. जेवणानंतर दोन तासांनी बोटाला सुई टोचून आकडा दाखवला तर हात आखडतो. तसंच आहे हे.

नियम वापरण्यातही अक्कल लागते म्हणा. २०११ मध्ये ब्रुकव्हेल ओव्हलवर अ‍ॅडम ब्लेअर आणि ग्लेन स्टुअर्ट या भांडलेल्या दोघांना एकाच वेळी सिन बिनमध्ये पाठवलं गेलं. चालता चालता ते सीमारेषेजवळ पुन्हा एकमेकांवर तुटून पडले, राखीव खेळाडूही धावले, आणि शेवटी दोघांनाही कायमचं बाहेर काढावं लागलं.

आता मेंदू. कवटीच्या आत तो पाण्यात ठेवलेल्या मऊ पनीरासारखा असतो. हनुवटीवर बाजूने ठोसा बसला की डोकं गर्रकन फिरतं, मेंदू किंचित मागे राहतो आणि त्यातल्या बारीक तारा ताणल्या जातात. यालाच कन्कशन म्हणतात. सीटी स्कॅन बहुतेक वेळा नॉर्मल येतो, कारण बिघाड रचनेत नसून कामात असतो. आणि शुद्ध हरपलीच पाहिजे असं नाही. बहुतेकांची हरपत नाही.

दुसरा ठोसा जास्त घातक का, ते समजायला ११ ऑक्टोबर २०१४ चा ओल्ड ट्रॅफर्डवरचा इंग्लंडच्या सुपर लीगचा अंतिम सामना आठवावा लागतो. खेळ सुरू होऊन जेमतेम दोन-तीन मिनिटं झाली होती. विगनच्या बेन फ्लॉवरने सेंट हेलेन्सच्या लान्स होहायाला ठोसा मारला. तो पाठीवर कोसळला, आणि पडलेल्या माणसाच्या चेहऱ्यावर फ्लॉवरने आणखी एक हाणला. सावध माणूस मार येताना बघून मान घट्ट करतो. सुन्न पडलेल्याची मान सैल असते, डोक्याला हिसका पूर्ण बसतो. शिवाय असा माणूस कोसळताना हात टेकत नाही, त्यामुळे डोकं जमिनीवर आपटतं ते वेगळंच. रस्त्यावरच्या भांडणात एका ठोशाने माणूस जातो, तो बऱ्याचदा या आपटण्याने. रेफरी फिल बेंथमने फ्लॉवरला तिथेच लाल कार्ड दाखवलं. पुढे सहा महिन्यांची बंदीही आली. विगन उरलेला सामना बारा जणांनिशी खेळून हरले.

मुठी आवरल्या, पण प्रश्न संपला नाही. आज डोक्याला मार बसतो तो बहुतेक खांद्याचा आणि वर गेलेल्या पकडीचा. २०२१ च्या मे महिन्यात इथल्या एनआरएलने डोक्याला लागणाऱ्या प्रत्येक धक्क्यावर कडक शिट्टी वाजवायला सुरुवात केली, तेव्हा ठोशाच्या वेळचीच ओरड पुन्हा ऐकू आली. २०२४ च्या ओरिजिनमध्ये जोसेफ सुआलीला आठव्या मिनिटालाच कायमचं बाहेर काढलं; ज्याला लागलं तो रीस वॉल्श कन्कशनमुळे परत खेळू शकला नाही. माझ्या मते तो निर्णय शंभर टक्के बरोबर होता. क्वीन्सलँडमध्ये राहतो म्हणून म्हणत नाही! सिडनीतल्या ब्रेन बँकेत माजी खेळाडूंच्या मेंदूंत सीटीई हा झिजेचा आजार सापडला आहे. स्टीव्ह फोक्स आणि क्वीन्सलँडचे प्रशिक्षक पॉल ग्रीन यांचंही निदान मृत्यूनंतर असंच झालं. सीटीईचा संबंध एका मोठ्या ठोशापेक्षा वर्षानुवर्षं बसणाऱ्या छोट्या-मोठ्या माऱ्याशी जास्त आहे. त्यावर औषध नाही.

डोक्याला मार लागल्यावर वारंवार उलट्या, वाढत जाणारी डोकेदुखी, झटका, गुंगी, हातापायात कमजोरी किंवा मान दुखणं यातलं काहीही दिसलं तर इमर्जन्सी गाठा. हे कबड्डीच्या मैदानालाही लागू आहे.

शनिवारी मी मुलांच्या सामन्यांना प्रथमोपचाराची पेटी घेऊन उभा असतो. तिथला रेफरी कधी कधी सोळा वर्षांचा पोरगा असतो. गेल्या मोसमात अशाच एकाने, आवाज कापत असताना, गळ्यावर पकड घालणाऱ्या मुलाला बाहेर पाठवलं. त्या मुलाचे वडील तारेपलीकडून त्याला वाट्टेल ते बोलत होते. मी तेव्हा खाली बसलेल्या दुसऱ्या मुलाला आज कोणता वार, स्कोअर किती, असं विचारत होतो. त्याला स्कोअर सांगता येईना. नियमाप्रमाणे मोसमातले निदान एकवीस दिवस बाहेर, त्यातले शेवटचे चौदा कुठलाही त्रास नसताना. कागद लिहून त्याच्या आईच्या हातात दिला. पोरगा रडायला लागला, त्याला फायनल खेळायची होती.