हाकेला ओ देणारं यंत्र

पिकावर कीड पडली की नेमका पाठीवरचा फवारणीपंप सापडत नाही. भावकीत कुणीतरी नेलेला असतो आणि कीड काही थांबत नाही. मोठ्या इस्पितळातही असंच होतं. फरक एवढाच, की तिथं पिकाऐवजी माणूस खोळंबतो.

गेल्या वर्षी आमच्या चुलत्यांना शहरातल्या एका इस्पितळात ठेवलं होतं. थेंब मोजून औषध सोडणारा पंप हवा होता. सिस्टर तीन मजले फिरून आल्या. पंप दुसऱ्या वॉर्डात एका पलंगाआड उभा होता, धडधाकट. "यंत्रं आहेत हो बाबा, पण आहेत कुठं हेच कळत नाही," सिस्टर म्हणाल्या.

यावर आता उपाय निघाला आहे. आपल्या जनावराच्या कानात 12 अंकी क्रमांकाचा पिवळा बिल्ला असतो ना? तसाच बिल्ला यंत्राला लावतात. पण कानातला बिल्ला जवळ जाऊन वाचावा लागतो. हा रेडिओलहरींनी स्वतःच बोलतो. एका प्रकारात बॅटरी असते. तो ठरावीक वेळानं आपला क्रमांक हवेत सोडतो. छतावरच्या ज्या यंत्रणेला तो जास्त ठळक ऐकू येतो, तिच्याजवळ तो आहे असं संगणक ताडतो. दुसऱ्यात बॅटरी नसते. दारावरच्या यंत्राची लहर अंगावर आली, की तो तिच्याच बळावर क्रमांक सांगतो.

मात्र या लहरी जपून वापराव्या लागतात. 2008 साली अॅमस्टरडॅमच्या संशोधकांनी आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. अतिदक्षता विभागातली 41 यंत्रं त्यांनी रुग्ण जवळ नसताना तपासली होती. 123 चाचण्यांत 34 वेळा यंत्रं बिघडली आणि त्यांतले 22 बिघाड रुग्णाच्या जिवावर बेतण्यासारखे होते. औषधाचे पंप थांबले, श्वासाची यंत्रं बंद पडली. म्हणून बिल्ले लावण्याआधी प्रत्येक इस्पितळानं आपल्या यंत्रांवर चाचणी करायलाच हवी.

आणि बिल्ला फक्त "मी इथं आहे" एवढंच सांगतो. यंत्र पुसून, चार्ज करून परत आणायला माणूसच लागतो.

तेव्हा मंडळी, गावानं वर्गणी काढून दवाखान्याला ऑक्सिजनचं यंत्र दिलं असेल, तर एक करा. त्याची जागा भिंतीवर लिहून घ्या आणि नेणाऱ्याचं नाव वहीत मांडायला सांगा. बिल्ला येईल तेव्हा येईल. वही आजच घालता येते.