चिकूच्या गोळीबद्दल

केळवे

चि. सायली,

‘चिकू एवढा ठणठणीत आहे, मग त्याला दर महिन्याला गोळी कशाला?’ असं तू तुझ्या कुत्र्याबद्दल विचारलंस आणि मला हसू आलं. हत्तीरोग नियंत्रण पथकातल्या माझ्या सगळ्या नोकरीत दारोदार हेच ऐकत आलो. आपल्याकडच्या हत्तीरोगाचे सूक्ष्म जंत दिवसा फुप्फुसांत दडून बसतात आणि रात्री वरच्या रक्तात येतात. म्हणून आम्ही जेवणं उरकायच्या वेळेला, वस्ती निजायच्या आत, काचपट्ट्या आणि सुया घेऊन फिरायचो. धडधाकट माणूस दारात येऊन म्हणायचा, मला काय झालंय? आणि त्याच्याच काचपट्टीवर जंत दिसायचे. पाय सुजलेल्या माणसाला समजवावं लागत नव्हतं, पण त्याच्यासाठी गोळीला उशीर झालेला असायचा.

चिकूचं प्रकरण त्याच घराण्यातलं आहे. कुत्र्याच्या हृदयातल्या जंताचं नाव डायरोफिलेरिया इमिटिस. त्याला डास लागतोच. बाधित कुत्र्याच्या रक्तातून सूक्ष्म जंत डासाच्या पोटात जातात, आपल्याकडच्या उकाड्यात दोनेक आठवड्यांत तयार होतात आणि पुढच्या चाव्याला दुसऱ्या कुत्र्याच्या कातडीतून आत शिरतात. म्हणजे चिकूच्या पाण्याच्या भांड्यात दुसऱ्या कुत्र्याने तोंड घातलं म्हणून हा रोग लागत नाही, त्याची भीती सोड. आत गेलेला जंत मात्र घाई करत नाही. तो सुमारे सहा महिने वाढतो आणि फुप्फुसाच्या रक्तवाहिन्यांत जाऊन राहतो. संख्या वाढली की हृदयाच्या उजव्या कप्प्यातही उतरतो. मादी २५ ते ३० सेंटिमीटर, वीतभराहून लांब. पाच-सात वर्षं जगते. कुत्रा खोकायला, धापा टाकायला लागतो, पोटात पाणी होतं, तोवर आत बराच संसार थाटलेला असतो.

आता गोळीचं. लोकांना वाटतं ती लशीसारखी पुढचा महिनाभर राखण करते. तसं नाही. १ तारखेला दिलेली गोळी मागच्या महिन्यात शिरलेली पिल्लं मारते. दोन महिन्यांच्या पुढे गेलेल्या जंतावर तिचा तेवढा जोर चालत नाही. म्हणून एखादा महिना चुकला तर पुढच्या महिन्यात दोन गोळ्या देऊन तो भरून निघत नाही. थंड देशांत हिवाळ्यात डास संपतात तेव्हा गोळी थांबवणारे लोक आहेत. आपल्या किनाऱ्यावर तशी थंडी पडते कधी? पावसाळा संपला म्हणून थांबू नकोस.

तुला घाबरवायचं मात्र नाही. अमेरिकेतल्या दक्षिणेकडच्या राज्यांत हा रोग घरोघरच्या कुत्र्यांना ठाऊक आहे. आपल्या देशात त्याची खरी ठाणी ईशान्येकडे, आसाम-मिझोरामच्या बाजूला. पश्चिम किनाऱ्यावर त्याचा भाऊबंद, डायरोफिलेरिया रिपेन्स, जास्त भेटतो. तो हृदयात जात नाही, कातडीखाली राहतो. कधीकधी माणसालाही होतो. केरळात लोकांच्या डोळ्यांतून असे जंत काढलेले आहेत. तिसरा एक पिसवांमधून येतो आणि फारसं काही बिघडवत नाही. म्हणून चिकूच्या रक्ताच्या काचपट्टीवर जंत दिसला असं कोणी सांगितलं तरी रडत बसू नकोस, आधी विचार की कुठला. आपल्या हत्तीरोगाच्या सूक्ष्म जंताच्या अंगावर पातळ म्यान असतं, कुत्र्यांच्या या तिघांनाही ते नसतं, त्यामुळे तिघांत गफलत होते. हृदयातल्या मादीचा अंश रक्तात शोधणारी वेगळी चाचणी असते, अँटिजेन टेस्ट, ती निवाडा करते. तीही संसर्गानंतर सहा महिन्यांच्या आत काही सांगत नाही. चिकू वर्षाचा झालाय, तेव्हा गोळी सुरू करण्याआधी ही चाचणी करून घे. रक्तात आधीच जंत असतील आणि गोळीने ते एकदम मेले, तर कुत्र्याला झटका बसू शकतो.

आपल्याकडे रोग कमी म्हणून हात झटकणं मला पटत नाही. पालघर जिल्हा माणसांच्या हत्तीरोगाच्या यादीत आहे, घरोघरी गोळ्या खाऊ घालायच्या मोहिमा इथे होतात, म्हणजे डासांनी आपली लायकी सिद्ध केलेली आहे. तुमच्या बोईसरला एमआयडीसीची गटारं, चाळींचे सेप्टिक टँक, पावसात तुंबणारी खाजणं. घाण पाण्यात वाढणारा क्युलेक्स तिथे मजेत आहे, तोही कुत्र्याच्या हृदयातला जंत वाहू शकतो. त्यात देशभरातून माणसं तारापूरला कामाला येतात आणि काहींचे कुत्रेही सोबत येतात. एखादा बाधित कुत्रा आला तर बाकीची तयारी इथे झालेलीच आहे.

या मोहिमांवरून आता एक ताकीद. मोहिमेत आशाताई डीईसी आणि अल्बेंडाझोल देतात, काही ठिकाणी उंची मोजून आयव्हरमेक्टिनही. त्यातली उरलेली गोळी चिकूला द्यायची नाही, कोणी कितीही सांगो. सूक्ष्म जंत असलेल्या कुत्र्याला डीईसी दिलं तर तो जिवावरच्या झटक्यात जाऊ शकतो. आणि आयव्हरमेक्टिनचा हिशेब बघ: हृदयातला जंत टाळायला कुत्र्याला दर किलोला ६ मायक्रोग्रॅम पुरतं. चिकू २० किलोचा, म्हणजे १२० मायक्रोग्रॅम. माणसाची १२ मिलिग्रॅमची गोळी म्हणजे चिकूच्या गरजेच्या शंभरपट. कोली जातीच्या काही कुत्र्यांना तर हे औषध जास्त झालं की मेंदूपर्यंत पोचतं. चिकूच्या आजोबांत कोण होतं हे आपल्याला थोडंच माहीत आहे!

हे आयव्हरमेक्टिन निघालं जपानात, शिझुओका भागातल्या एका गोल्फ मैदानाजवळच्या मातीतल्या जिवाणूपासून. त्यासाठी ओमुरा आणि कॅम्पबेल यांना २०१५ साली नोबेल मिळालं. १९८७ साली ते अमेरिकेत कुत्र्यांच्या या जंतासाठी मंजूर झालं आणि त्याच वर्षी आफ्रिकेतल्या आंधळेपणा आणणाऱ्या जंतासाठी ते फुकट देण्याची घोषणा झाली. माणूस आणि कुत्रा एकाच रांगेत उभे राहिल्याची अशी उदाहरणं थोडी, म्हणून सांगितलं.

दुकानात गेलीस की पाकिटावरची घटकांची नावं वाच. गोचिडांसाठी ज्या चघळायच्या गोळ्या सगळे देतात, त्यात नुसतं अफोक्सोलॅनर किंवा फ्लुरालॅनर असेल तर हृदयातल्या जंतावर त्याचा उपयोग नाही. सोबत मिल्बेमायसिन हवं, किंवा वेगळं मॉक्सिडेक्टिन, सेलामेक्टिन. कुठलं आणि किती, ते चिकूचं वजन करून डॉक्टरांना ठरवू दे. गोचिडाची गोळीही सोडू नकोस. बोईसरला कुत्रे गोचीडतापाने जास्त आजारी पडतात, हे मी इथे बसूनही सांगू शकतो.

होऊन गेलेल्या रोगाचा इलाज महागडा आणि त्रासाचा. मोठे जंत मारायला मेलार्सोमिन नावाचं आर्सेनिकचं इंजेक्शन आहे. ते आपल्याकडे सहज मिळत नाही. दिलं तरी मेलेले जंत फुप्फुसात अडकतात, म्हणून कुत्र्याला महिनोन्‌महिने साखळीत निजवून ठेवावं लागतं. चिकूला साखळीत? तुझ्या आईला विचार, एक तास तरी जमेल का.

आणि चिकू संध्याकाळी बाहेर पायरीवर बांधलेला असतो, ते बंद कर. दिवेलागणीला आत घे. तुमच्या सेप्टिक टँकच्या व्हेंट पाइपला जाळी बांधली आहे का, घरमालकाला विचार. नसेल तर जुन्या मच्छरदाणीचा तुकडा आणि सुतळी पुरते. पिंपं-बादल्या आठवड्यातून एकदा कोरड्या करा. एडिस नावाचा दुसरा डास साठवलेल्या स्वच्छ पाण्यात वाढतो, तोही या जंताचं वाहन आहे.

चाचणीचा कागद आला की फोटो पाठव. काही अडलं तर परळच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात दाखवता येईल, ते १८८६ पासून आहे. येताना मला डहाणूचे चिकू आण, कुत्र्याला नाव दिलंस म्हणून फळ बंद करायचं कारण नाही.

तुझा,
दादाकाका